हृदयाला जखम झाली तर आधी टाका की आधी एक्मो?

भूलभुलय्या (धागाकर्ता)

एक्मोवरच्या (म्हणजे रक्त शरीराबाहेर काढून, त्यात ऑक्सिजन मिसळून परत आत सोडणाऱ्या मशीनवरच्या) गप्पांत कुणीतरी विचारलं होतं, "हृदयालाच चाकू लागला तर? सरळ मशीनवर घ्यायचं आणि निवांत शिवायचं, असंच ना?" तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. मी भूलतज्ज्ञ. हृदयशस्त्रक्रियेच्या थिएटरात बरीच वर्षं काढली आहेत. सर्जन आणि पंपावरच्या मंडळींनी भर घालावी.

उत्तर एका ओळीत: नाही. आधी भोक बंद करायचं, मशीनचं मग बघायचं. आता का ते सांगतो, आणि त्यासाठी जिनिव्हाला जाऊ.

१० सप्टेंबर १८९८. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ, म्हणजे सिनेमांमुळे सगळ्यांना माहीत असलेली सिसी, वय ६०, बोट पकडायला धक्क्यावरून चालली होती. लुइजी लुकेनी नावाच्या माणसाने धार लावलेली कानस तिच्या छातीत खुपसली आणि पळाला. ती पडली, उठली, लोकांचे आभार मानले आणि शंभरेक पावलं चालून बोटीवर चढली! बोट सुटली आणि ती कोसळली. कमरेची घट्ट चोळी सैल केली तेव्हा कुठे बारीकसा रक्ताचा डाग दिसला. बोट परत फिरवली, तिला हॉटेलात नेलं, आणि २ वाजून १० मिनिटांनी ती गेली. वार झाल्यापासून अर्धा-पाऊण तास. शवविच्छेदनात दिसलं की कानस ८५ मिमी आत शिरली होती. चौथी बरगडी मोडून, फुप्फुस आणि हृदयावरण भेदून ती डाव्या जवनिकेतून (हृदयाच्या खालच्या, पंप करणाऱ्या कप्प्यातून) आरपार गेली होती.

आरपार भोक पडलेल्या हृदयानिशी ती चालली कशी? भोक बारीक होतं आणि रक्त थेंबाथेंबाने हृदयावरणात साठत होतं. हे आवरण ताठ असतं, घाईघाईत ताणलं जात नाही. दीड-दोनशे मिली रक्त अचानक साठलं की हृदयाला बाहेरून दाब बसतो, ते भरतच नाही, आणि जे भरलं नाही ते पंप तरी काय करणार? यालाच टॅम्पोनाड म्हणतात. गंमत अशी की हाच दाब सुरुवातीला रक्तस्राव रोखूनही धरतो. छातीत घुसलेली वस्तूही अशीच भोक बुजवून रक्त अडवते, म्हणून ती रस्त्यात उपसून काढू नये म्हणतात.

आता तिथे एक्मो असतं अशी कल्पना करा. एक्मोची मोठी नळी मांडीच्या नीलेतून वर जाऊन उजव्या कर्णिकेतून (हृदयाच्या वरच्या कप्प्यातून) रक्त ओढते. बाहेरून दाबल्या गेलेल्या कर्णिकेतून तिला रक्त नीट मिळत नाही. वर जे काही परत सोडाल त्यातलं थोडं भोकातून पुन्हा हृदयावरणात. मशीन लावायला हात चालणारी चांगली टीम असली तरी काही मिनिटं जातातच. तेवढ्या वेळात छाती उघडून, हृदयावरण फाडून, भोकावर बोट ठेवता येतं.

आणि हे तेव्हा अशक्य नव्हतं. बरोबर दोन वर्षं आणि एक दिवस आधी, ९ सप्टेंबर १८९६ला, फ्रँकफुर्टमध्ये सर्जन लुडविग रेन यांनी एका २२ वर्षांच्या माळ्याच्या उजव्या जवनिकेवरची दीड सेंटिमीटरची चाकूची जखम रेशमाच्या तीन टाक्यांनी शिवली होती. धडधडत्या हृदयावर, एकेक टाका हृदय सैल पडेल त्या क्षणी. माणूस वाचला. १९०७ साली रेन यांनी जगभरच्या अशा १२४ केसेस मांडल्या, त्यात ४० टक्के जगले होते. हार्ट-लंग मशीन (ऑपरेशनपुरतं हृदय आणि फुप्फुसांचं काम करणारं) यशस्वी व्हायला अजून ४६ वर्षं बाकी होती (जॉन गिबन, फिलाडेल्फिया, ६ मे १९५३). दुसऱ्या महायुद्धात ड्वाइट हार्केन यांनी इंग्लंडमध्ये सैनिकांच्या छातीतून, हृदयातून आणि मोठ्या रक्तवाहिन्यांभोवतालून १३४ तुकडे काढले, १३ तर थेट हृदयाच्या कप्प्यांतून. एकही सैनिक दगावला नाही. मशीन तेव्हाही नव्हतं.

मग मशीन लागतं कुठे? मुख्य जागा, मला दिसतात त्या: जखम हृदयाच्या मागच्या बाजूला असेल आणि हृदय उचललं की बीपी शून्य होत असेल. मुख्य करोनरी रोहिणी (खुद्द हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी) वरच्या भागातच कापली गेली असेल. आतला पडदा किंवा झडप फाटून रुग्ण लगेच ढासळत असेल. या तिन्हींत थिएटरातलं पूर्ण हार्ट-लंग मशीन. चौथी जागा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: शिवून झालंय, रक्तस्राव थांबलाय, पण मार लागल्याने, बराच वेळ रक्त न मिळाल्याने हृदय सुन्न पडलंय. स्नायू मेलेला नसतो, दमलेला असतो. दोन-चार दिवसांत सावरू शकतो. तेवढे दिवस काढून देणं हे एक्मोचं काम.

---

खवट_काका

सुंदर धागा. पण मुद्द्याचा प्रश्न: आज सिसी वाचली असती का?

---

भूलभुलय्या

काका, आजच्या चांगल्या ट्रॉमा सेंटरच्या दारात पडली असती तर बरीच शक्यता. भोसकल्याची एकच बारीक जखम, टॅम्पोनाड, नाडी आत्ताआत्तापर्यंत लागत होती, हा छाती उघडण्यासाठीचा सगळ्यात आशादायक प्रकार. इमर्जन्सी विभागातच छाती उघडण्याच्या २५ वर्षांतल्या साडेचार हजारांवर केसेसचा आढावा २०००मध्ये आला होता. एकूण जगले ७.४ टक्के. पण भोसकलेल्यांत १६.८, गोळी लागलेल्यांत ४.३, आणि मुका मार लागलेल्यांत फक्त १.४ टक्के. मुख्य जखम हृदयाला असेल तर १९.४. म्हणजे छातीतल्या बाकीच्या जखमांपेक्षा हृदयाची जखम बरी, कारण तिथे दुरुस्त करण्याजोगी एक नेमकी गोष्ट सापडते.

---

पंपवाला

मी परफ्युजनिस्ट, म्हणजे ही मशीनं चालवणारा. लोकांना वाटतं आम्ही बटण दाबतो आणि रक्त फिरायला लागतं. थोडं आमच्या बाजूने सांगतो.

पहिली गोष्ट, व्हॉल्यूम, म्हणजे अंगात रक्त किती उरलंय. विहिरीत पाणीच नसेल तर मोटर काय ओढणार? निम्मं रक्त सांडलेल्या माणसाला एक्मोवर घेतलं की नीलेची भिंत नळीच्या तोंडावर चिकटते, नळ्या थरथरायला लागतात, फ्लो पडतो. नवखा माणूस पंपाचे फेरे वाढवतो. तसं केलं की फ्लो आणखी पडतो आणि रक्तपेशी फुटतात. खरं तर फेरे कमी करून रक्त चढवायचं असतं. रक्तस्राव चालू असताना हा खेळ संपतच नाही.

दुसरी, हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध. पूर्ण हार्ट-लंग मशीनला वजनाच्या किलोमागे ३००-४०० युनिट हेपारिन देतो, रक्त गोठण्याचा वेळ ४८० सेकंदांच्या आसपास नेतो. यकृत फाटलेल्या किंवा डोक्यात रक्तस्राव असलेल्या अपघातग्रस्ताला हे म्हणजे मरणच. एक्मोचं तसं नाही. आता नळ्यांच्या आतून हेपारिनचा लेप असतो, फ्लो मिनिटाला ३-४ लिटर ठेवला तर काही तास, कधी काही दिवस हेपारिनशिवाय चालवता येतं. जर्मनीत रेगेन्सबुर्गच्या लोकांनी २०१०मध्ये रक्तस्रावी शॉकमधल्या (रक्त गेल्याने रक्ताभिसरण कोसळलेल्या) १० अपघातग्रस्तांवर असंच, सुरुवातीला हेपारिन न देता, केलं. ६ जगले. १० हा आकडा लहान आहे, मान्य, पण "ट्रॉमा (अपघाताची इजा) म्हणजे एक्मो नाही" हा जुना नियम त्यानंतर तितका ठाम राहिला नाही.

तिसरी, पाय. रक्त परत सोडणारी मांडीच्या रोहिणीतली नळी १५ ते १९ फ्रेंच, म्हणजे ५ ते साडेसहा मिमी जाड. सडपातळ माणसाची मांडीतली रोहिणी त्याने जवळजवळ बंदच होते. म्हणून खालच्या पायासाठी एक छोटी वेगळी नळी टाकायची. रात्रीच्या धावपळीत ही "नंतर टाकू" म्हणून राहते, आणि माणूस वाचतो पण पाय जातो. आमच्याकडे आता ती टाकल्याशिवाय ड्रेसिंग बंद करत नाही.

---

घाटमाथा

रोज एक्स्प्रेसवेवरून जाणारा. इथे चाकू कमी, स्टीअरिंग जास्त. मुक्या माराचं काय? त्यात तर भोक नसतं.

---

भूलभुलय्या

बरोबर पकडलंत, आणि आपल्याकडे खरा विषय हाच. उजवी जवनिका छातीच्या हाडाच्या अगदी मागे असते, त्यामुळे स्टीअरिंगचा पहिला तडाखा तिला. बहुतेकदा नुसती सूज येते, ठोके थोडे इकडेतिकडे होतात आणि आपसूक बरं होतं. ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या इजेची रक्ततपासणी) दोन्ही नॉर्मल असतील तर मोठी इजा जवळपास नाकारता येते.

वाईट प्रकार वेगळे. ट्रायकस्पिड (हृदयाच्या उजव्या बाजूच्या) झडपेच्या दोऱ्या तुटणं. हे काहींना तेव्हा कळतही नाही, बऱ्याच वर्षांनी पाय सुजल्यावर कळतं. मायट्रल (डाव्या बाजूच्या) झडपेचा स्नायू तुटणं, यात तासाभरात फुप्फुसं पाण्याने भरतात. दोन जवनिकांमधला पडदा फाटणं. करोनरीचा आतला थर सोलून निघणं, म्हणजे तिशीतल्या धडधाकट माणसाला अपघातानंतर हार्ट अटॅक. पडदा फाटलेला असेल आणि रुग्ण तग धरून असेल तर काही दिवस थांबून शिवणं बरं, कारण ताज्या चुरगळलेल्या स्नायूत टाके धरत नाहीत. तग धरत नसेल तर मधले दिवस मशीनवर.

अशा माणसाला सवयीने बलून पंप (महारोहिणीत फुगणारा-मिटणारा, हृदयाला मदत करणारा फुगा) लावायला कुणी निघालं तर आधी थांबवा. छातीवर जोरात आदळलेल्याची महारोहिणी फाटलेली असू शकते, महारोहिणीची झडप गळत असू शकते. दोन्हींत बलून घातक. आधी सीटी किंवा अन्ननलिकेतून केलेली इको (हृदयाची सोनोग्राफी), मगच.

---

मधली_फळी

क्रिकेटचा बॉल छातीवर बसून मुलं जागच्या जागी जातात ते हेच का? फिल ह्यूजचंही तसंच ना?

---

पंपवाला

ह्यूजचं वेगळं. त्याला नोव्हेंबर २०१४मध्ये बॉल मानेवर लागला, मेंदूकडे जाणारी रोहिणी फाटली आणि मेंदूभोवती रक्तस्राव झाला. हृदयाचा संबंध नाही.

छातीवर बॉल बसून कोसळणं म्हणजे कमोशिओ कॉर्डिस. ठोक्याच्या एका ठरावीक, सेकंदाच्या काही शतांशांच्या फटीत मार बसला की हृदय फडफडायला लागतं. स्नायूला जखम नसते. इथे एक्मो नव्हे, लगेच छाती दाबणं (सीपीआर) आणि एईडीचा, म्हणजे कुणालाही वापरता येणाऱ्या छोट्या यंत्राचा, विजेचा शॉक. अमेरिकन फुटबॉलमधला डमार हॅमलिन २ जानेवारी २०२३ला सिनसिनाटीत मैदानातच कोसळला, तिथल्या तिथे सीपीआर आणि शॉक मिळाला, आणि पुढच्याच मोसमात तो परत खेळला. मुंबईच्या मैदानांवर किती ठिकाणी एईडी आहे ते मोजा एकदा. आमच्या महागड्या मशीनपेक्षा ते आधी आणा.

---

नट_बोल्ट

मेकॅनिकलवाला आहे, म्हणून विचारतो. इम्पेला म्हणतात तो छोटा पंप पायातून थेट हृदयात घालतात ना? छाती उघडायची गरजच नाही. मग ट्रॉमात तोच का नको?

---

भूलभुलय्या

तुमच्या आवडीची गोष्ट आहे ही. रिचर्ड वॉम्पलर नावाच्या डॉक्टरांनी इजिप्तमध्ये आर्किमिडीजच्या स्क्रूने पाणी चढवताना पाहिलं आणि त्यातून रक्तवाहिनीतून सरकवता येईल असा पंप सुचला. तो हेमोपंप. १९८८मध्ये ह्यूस्टनला फ्रेझर यांनी तो पहिल्यांदा माणसात वापरला. इम्पेला त्याच घराण्यातला. डाव्या जवनिकेतून रक्त उचलून महारोहिणीत सोडतो, मिनिटाला साधारण साडेतीन लिटर, मोठा असेल तर पाचाच्या वर.

ट्रॉमात अडचणी तीन. तो फक्त डावी बाजू सांभाळतो आणि मुक्या मारात आधी उजवी बाजू झोपते. उजवीकडून रक्त आलंच नाही तर डावीकडचा पंप कोरडा. दुसरं, पडदा फाटलेला असेल तर ओढ लागून उजवीकडचं निळं (ऑक्सिजन कमी असलेलं) रक्त डावीकडे येऊ शकतं. तिसरं, फुप्फुसं चेचलेली असतील तर ऑक्सिजन देणं त्याचं कामच नाही.

पण एक्मोसोबत त्याची जोडी छान जमते. मांडीतून सोडलेलं एक्मोचं रक्त उलट्या दिशेने वर जातं, दमलेल्या डाव्या जवनिकेला त्या दाबाविरुद्ध झडप उघडता येत नाही, ती फुगते आणि फुप्फुसांत पाणी. इम्पेला तिला आतून रिकामी ठेवतो. आणि हृदय सावरू लागलं की नवाच घोळ: फुप्फुसं खराब असताना हृदय स्वतःचं निळं रक्त वर मेंदूकडे ढकलतं, एक्मोचं लाल रक्त खाली पायांकडे. पायाच्या बोटाला ऑक्सिजन ९९ आणि मेंदू उपाशी! म्हणून एक्मोवर बोटाचा क्लिप उजव्याच हाताला.

---

पुरावा_द्या

सगळं रंजक आहे. पण डेटा काय म्हणतो? माझ्या आठवणीप्रमाणे या सगळ्या पंपांच्या चाचण्यांत फारसं काही निघालेलं नाही.

---

भूलभुलय्या

आठवण बरीचशी बरोबर. बलून पंप, २०१२ची मोठी चाचणी: ३० दिवसांत मृत्यू पंप लावलेल्यांत ३९.७, न लावलेल्यांत ४१.३ टक्के, म्हणजे फरक नाही. एक्मो, २०२३: ४७.८ विरुद्ध ४९, फरक नाही. इम्पेला, २०२४ची डेन्मार्क-जर्मनीतली चाचणी: १८० दिवसांत ४५.८ विरुद्ध ५८.५, इथे मात्र फायदा दिसला, पण रक्तस्राव आणि पायाचे त्रास वाढले.

मात्र या तिन्ही चाचण्या हार्ट अटॅकमुळे आलेल्या शॉकच्या. तिथे स्नायूचा एक भाग कायमचा मेलेला असतो. अपघातात सुन्न पडलेलं हृदय बरंचसं तरुण असतं, आधी निरोगी असतं आणि परत येण्याची शक्यता जास्त. म्हणून त्या निकालांवरून ट्रॉमात एक्मो बाद करणं मला पटत नाही, आणि ट्रॉमात नाणेफेक करून कुणाला एक्मो द्यायचं ठरवणारी चाचणी उभी करणंही कठीण. आपल्या हातात केस रिपोर्ट आणि नोंदवह्याच आहेत. त्यांत वाचलेले जास्त छापून येतात, हेही लक्षात ठेवायचं.

---

पंपवाला

+१. आणि एक इतिहासाचा तुकडा, जो आमच्या क्षेत्रातल्या पोरांनाही माहीत नसतो. एक्मोवर जगलेला पहिला प्रौढ रुग्ण अपघातग्रस्तच होता. १९७१, कॅलिफोर्नियातलं सांता बार्बरा. २४ वर्षांचा तरुण, अपघातात महारोहिणी फाटलेली, ती शिवली गेली, पण नंतर फुप्फुसांनी हात टेकले. डोनाल्ड हिल यांची टीम ब्रॅमसनचं कृत्रिम फुप्फुस घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून आली. ७५ तास मशीनवर. मग मशीन काढलं आणि तो जगला. पुढच्या वर्षी केस छापून आली. मधल्या काळात एक्मो तान्ह्या बाळांचं झालं, मग स्वाइन फ्लूचं, मग कोव्हिडचं. ट्रॉमावाले परत येतायत ते आपल्या जुन्याच घरी.

भूलभुलय्या साहेबांचा क्रमही तिथे दिसतो: आधी महारोहिणी शिवली, मग मशीन.

---

साधी_गृहिणी

डॉक्टर, खर्चाचं कुणी बोलत नाही. आमच्या नात्यातल्या एका मुलाला अपघातानंतर एक्मो सांगितलं होतं, पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात. सही करायला दहा मिनिटं दिली. आकडा ऐकून भावजींना घाम फुटला.

---

भूलभुलय्या

ताई, एकदाच वापरायचा नळ्या-ऑक्सिजनेटरचा संचच लाखाच्या घरात. त्यावर रोजचा आयसीयू, रक्त, तपासण्या. केंद्राची अपघातग्रस्तांसाठीची कॅशलेस योजना मे २०२५मध्ये अधिसूचित झाली, तिची मर्यादा दीड लाख आणि सात दिवस. छाती उघडणं, टाके, रक्त, पहिले काही दिवस यांना ती खूप उपयोगी. एक्मो तिच्यात बसत नाही, सरळ सांगतो.

नातेवाईकांनी दहा मिनिटांत विचारायचे प्रश्न मी सांगतो. रक्तस्राव थांबलाय का? मेंदूचं काय दिसतंय? हृदय परत येईल असं तुम्हाला कशावरून वाटतं? आणि किती दिवसांत सुधारणा नाही दिसली तर थांबायचं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरलं नसेल तर घर विकलं जातं आणि माणूसही जातो. हे विचारलं म्हणून कुठल्याही शहाण्या डॉक्टरला राग येत नाही. माझ्या मते तर विचारायची वेळच येऊ नये, आम्हीच सांगायला हवं.

---

खवट_काका

सही-संमतीवरून आठवलं. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये माणसाला बर्फासारखं गार करून मग ऑपरेशन करतात, असं वाचलं होतं. खरं की फॉरवर्ड?

---

पंपवाला

खरं आहे. सॅम्युएल टिशरमन यांचा प्रयोग. भोसकलेला किंवा गोळी लागलेला माणूस, हृदय थांबलेलं, छाती उघडूनही सुरू होत नाही. तेव्हा महारोहिणीत थंडगार सलाइन सोडून शरीर १०-१५ अंशांपर्यंत उतरवायचं, म्हणजे मेंदूची मागणीच थांबते. मग दोनेक तासांच्या आत सर्जननी भोकं शिवायची, आणि शेवटी आमच्या मशीनवर घेऊन हळूहळू गरम करायचं. निदान एका रुग्णावर हे केल्याचं त्यांनी २०१९मध्ये जाहीर केलं होतं. क्रम बघा, पंप इथेही शेवटीच.

---

खवट_काका

आणि संमती? हृदय थांबलेला माणूस सही कशी करणार?

---

भूलभुलय्या

अमेरिकेत १९९६पासून यासाठी वेगळा नियम आहे. जीव जाणारच असेल, दुसरा उपाय नसेल, विचारायला वेळ नसेल, तर वैयक्तिक संमतीशिवाय संशोधन करता येतं. पण आधी त्या शहरातल्या लोकांशी बोलावं लागतं. त्यांनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, आणि ज्यांना हा प्रयोग स्वतःवर नको त्यांना आधीच नाव नोंदवून बाहेर पडायची सोय ठेवली.

---

साधी_गृहिणी

म्हणजे ज्या वस्तीत चाकू-गोळ्या जास्त चालतात, तिथल्याच लोकांनी वर्तमानपत्र वाचून वेबसाइटवर जाऊन "नको" म्हणायचं? ते कोण करणार?

---

भूलभुलय्या

बरोबर. या नियमावरचा मुख्य आक्षेप तोच आहे, आणि नियमाच्या बाजूचे लोकही तो उडवून लावत नाहीत. तरीही माझं मत प्रयोगाच्या बाजूने. कारण त्या टेबलावर दुसरा पर्याय मृत्यू हाच असतो. तुमचं वेगळं असू शकतं. संमतीवर नवा धागा काढता का ताई? इथे उद्या थिएटरात टाके कसे घालतात, स्टेपलर आणि फोलीचा (लघवीच्या नळीच्या टोकाचा) फुगा भोकात कसा वापरतात, त्यावर लिहितो.